मामा तलावाच्या गाळातला पारा: गाळ काढायचा की राहू द्यायचा?

हे प्रकरण झाडीपट्टीतल्या एका गावाचं आहे, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेजवळचं. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गावच्या मत्स्य सहकारी संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून मला बोलावणं आलं. जे घडलं त्यात माझ्याही चुका आहेत. त्या जागच्या जागी लिहिल्या आहेत.

## पार्श्वभूमी

तलाव मालगुजारी काळातला, म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलाव. भरला की सात-आठ एकर पाणी पसरतं. पाळीवर मोहाची झाडं, एका टोकाला पाणी सोडायचं तुडूम, दुसऱ्या टोकाला सांडवा. पावसानं दडी मारली की खालच्या बांध्यांतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतलं, धान याच पाण्यावर तगतं. मासे धरायचा ठेका ढिवर समाजाच्या संस्थेकडे. रोहू, कटला, मृगल यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, दर पावसाळ्यात सोडतात. बारके मासे खाणारी मरळ कोणी सोडत नाही, ती पुराच्या पाण्याबरोबर आपली आपण येते आणि बाजारात सगळ्यांत चांगला भाव मिळवते.

मासे वाढवायची पद्धत सगळीकडे असते तीच. पाण्यात शेण टाकायचं, सुपर फॉस्फेट टाकायचं, म्हणजे पाणी हिरवं होतं आणि माशांना खाणं मिळतं. काठानं बेशरमाची दाट झाडी होती. ती दर वर्षी पाण्याखाली जाते, कुजते आणि पुन्हा फुटते. या तीन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा पेच त्यांच्याभोवती फिरला.

त्या वर्षी तलावातला गाळ काढून शेतांत टाकायचं ठरलं होतं. मामा तलावाचा गाळ म्हणजे सोनं, असं इथला शेतकरी मानतो आणि ते खरंही आहे.

## काय घडलं

एप्रिलचा दुसरा आठवडा. तलाव आटून मधोमध एक डबकं उरलेलं. जेसीबी लावून सहा ट्रॉली गाळ पूर्वेकडून दोन बांध्यांत गेलाही. मग यंत्र तुडमाच्या बाजूला आलं आणि उकरलेल्या चिखलात पोट्ट्यांना चकाकणारे थेंब दिसले. बोट लावलं की फुटून चार होत, पुन्हा एकत्र येत. एका मुलानं बाटलीच्या झाकणात गोळा केले आणि घरी नेले. त्याची आजी पाहताक्षणी म्हणाली, "पारा हाये थो, हात नोको लावू."

चिखलात काचेच्या नळ्यांचे तुकडे होते आणि रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्रांचे पत्रे. चौकशीत कळलं ते एवढंच: दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा दवाखान्याचं जुनं सामान भंगारात गेलं. घेणाऱ्यानं पाळीवर बसून ते फोडलं, पितळ आणि ॲल्युमिनियम घेऊन गेला आणि उरलेलं तलावात लोटलं. यंत्रं किती होती ते कोणालाच सांगता आलं नाही. अशा एका यंत्रात साधारण शंभर ग्रॅम पारा असतो, तापमापकात अर्धा ते एक ग्रॅम. सामान कोणाचं होतं याचा पाठपुरावा वेगळा झाला, तो इथे लिहीत नाही.

अध्यक्षांनी जेसीबी थांबवला. या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा निर्णय तोच होता, आणि तो मी गावात पोचायच्या आधीच झाला होता.

## पहिला निर्णय: पाणी तपासू

मी पहिल्या दिवशी दोन कामं केली, एक बरोबर आणि एक चूक.

बरोबर काम त्या मुलाच्या घरचं. झाकणातला पारा त्यानं एका डबीत ओतून चुलीजवळच्या फडताळात ठेवला होता, आणि थोडा सांडलाही होता. धातूच्या रूपातला पारा पोटात गेला तर फारसा शोषला जात नाही. त्याची वाफ श्वासातून गेली तर मात्र तिचा बराच मोठा भाग रक्तात उतरतो. २० अंशांवर त्याचा बाष्पदाब जेवढा असतो, त्याच्या पाचपट ४० अंशांवर होतो, आणि एप्रिलात आमच्याकडे घराच्या आतसुद्धा किती तापतं ते सांगायला नको. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यात, जाड कागदाच्या पट्ट्यांनी आणि ड्रॉपरनं थेंब गोळा केले, काचेच्या बाटलीत पाण्याखाली ठेवले आणि झाकण घट्ट लावलं. आजी झाडू घेऊन पुढे आली, तिला थांबवलं. झाडूनं थेंबाचे शंभर बारीक थेंब होतात आणि वाफ वाढते. सारवलेल्या जमिनीच्या भेगांत जे शिरलं होतं, त्यासाठी वरचा थर खरवडून काढला. दारं-खिडक्या उघड्या ठेवून घरच्यांना चार दिवस ओसरीवर झोपायला सांगितलं. मुलाची लघवी तपासली, ती ठीक निघाली. वाफेतून गेलेला पारा लघवीत दिसतो, माशातून गेलेला रक्तात आणि केसांत. पाऱ्याचं रूप बदललं की तपासणीही बदलते, हे तेव्हा मला ठाऊक होतं. तरी तोच विचार मी तलावाला लावला नाही.

चूक ती इथे झाली. डबक्यातलं पाणी मी प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरलं आणि एसटीनं नागपूरच्या प्रयोगशाळेत नेऊन दिलं. अहवाल आला: लिटरला ०.००१ मिलीग्रॅमपेक्षा कमी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची मर्यादा तेवढीच आहे. मी ग्रामसभेत उभा राहून म्हणालो, "पाणी ठीक आहे."

साध्या प्लास्टिकच्या बाटलीत पारा टिकत नाही. तो भिंतीला चिकटतो, काही उडूनही जातो. त्यासाठी काचेची किंवा टेफ्लॉनची स्वच्छ बाटली लागते आणि नमुन्यात लगेच ठरलेलं आम्ल घालावं लागतं. म्हणजे तो आकडा मुळातच भरवशाचा नव्हता. पण बाटली योग्य असती तरी माझं वाक्य दिशाभूल करणारंच ठरलं असतं, कारण मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

तो प्रश्न अध्यक्षांनी वळवून दिला. मरळीचं काय करायचं, असं मी सभेनंतर घुटमळत बोलत होतो, तेव्हा ते म्हणाले, "सर, पानी साफ हाये त मासा काहून खराब होईन?"

## पारा गाळात काय काय होतो

या प्रश्नाचं उत्तर देताना मला सगळं पुन्हा मांडावं लागलं. तसंच इथे मांडतो.

तलावात पडलेला चकाकणारा पारा धातुरूप असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. काही वाफ होऊन हवेत जातो, आणि हवेत गेलेला पारा महिनोन्‌महिने फिरून कुठेतरी पावसाबरोबर उतरतो. चिखलात उरलेल्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन, क्लोराइड आणि जिवाणू काम करतात आणि त्याचा थोडा थोडा भाग विद्युतभारित, आयनरूप होतो. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट गंधकाची. गाळात सल्फाइड असेल तर पारा त्याच्याशी घट्ट बांधला जातो. ते संयुग म्हणजे मर्क्युरिक सल्फाइड: लाल असलं तर हिंगूळ, काळं असलं तर वैद्यांची कज्जली. पाण्यात अत्यंत कमी विरघळणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते.

दुसरी वाट जिवाणूंची. हवा नसलेल्या गाळात राहणारे काही जिवाणू आयनरूप पारा आत घेतात आणि त्याला कार्बनचा एक गट जोडून बाहेर सोडतात. हेच मिथाइल मर्क्युरी. ते का करतात, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. हा पदार्थ प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटतो, म्हणून शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. शेवाळात थोडा, शेवाळ खाणाऱ्या किड्यात जास्त, किडे खाणाऱ्या बारक्या माशात त्याहून जास्त आणि बारके मासे गिळणाऱ्या मरळीत सगळ्यांत जास्त. शिकारी माशांच्या मांसात त्याचं प्रमाण पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत किंवा त्याहूनही वर जातं. दहा लाख पट धरून हिशेब केला तर पाण्यात लिटरला अर्धा नॅनोग्रॅम मिथाइल मर्क्युरी असलं तरी मरळीत किलोला अर्धा मिलीग्रॅम होतं. अर्धा नॅनोग्रॅम म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेचा दोन हजारावा भाग. पाणी साफ असताना मासा खराब होतो तो असा.

जगाला ही गोष्ट फार महाग पडून कळली. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ साली एक अनाकलनीय आजार अधिकृतपणे नोंदला गेला: हातपाय बधिर होणं, दृष्टी आकसणं, चालताना तोल जाणं. रासायनिक कारखान्यातून खाडीत जाणारं मिथाइल मर्क्युरी मासे-शिंपल्यांतून कोळ्यांच्या घरांत पोचलं होतं. आईला फारसं काही झालेलं नसताना पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा झाल्याचं तिथे दिसलं. तिथलं मिथाइल मर्क्युरी कारखान्यातच तयार झालं होतं. साधा पाराही तळाच्या गाळात जिवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरी होतो, हे येन्सेन आणि येर्नेलोव्ह या स्वीडिश संशोधकांनी १९६९ साली दाखवलं. सल्फेटवर जगणारे जिवाणू यात मुख्य आहेत हे १९८५ साली स्पष्ट झालं, आणि २०१३ साली या कामाला लागणारी जनुकांची जोडी सापडली. लोहावर जगणाऱ्या आणि मिथेन बनवणाऱ्या काही सूक्ष्मजीवांतही ती आढळते.

उलटी प्रक्रियाही चालूच असते. काही जिवाणू मिथाइल मर्क्युरी तोडून पारा पुन्हा धातुरूप करतात. उथळ, नितळ पाण्यात ऊनही ते तोडतं. म्हणजे तलावात कोणत्याही दिवशी बनणं आणि तुटणं दोन्ही सुरू असतं. पारा किती पडलाय यापेक्षा यातलं पारडं कुठे झुकतंय, यावर माशाचं भवितव्य ठरतं.

आता आमच्या तलावाकडे पाहा. मिथाइल मर्क्युरी बनवणाऱ्या जिवाणूंना हवेविना गाळ लागतो, कुजणारं खाणं लागतं, सल्फेट लागतं आणि ऊब लागते. शेण हे खाणं. बेशरम हेही खाणं, शिवाय त्याची सावली पाण्यावर पडून ऊन अडतं. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाइतकंच महत्त्वाचं जिप्सम असतं, म्हणजे थेट सल्फेट. आणि तलाव दर उन्हाळ्यात आटतो. गाळ वाळला की त्यातल्या सल्फाइडचं हवेनं पुन्हा सल्फेट होतं, बांधलेला पाराही थोडा सुटतो, आणि मृगाच्या पावसानं गाळ बुडला की पहिल्या काही आठवड्यांत मिथाइल मर्क्युरीची लाट येते. मासे वाढवायची आमची रीत आणि त्या जिवाणूंना पोसायची रीत जवळजवळ एकच निघाली. यात ढिवर बांधवांचा काडीचाही दोष नाही. पारा नसता तर ही रीत उत्तमच आहे.

## दुसरा निर्णय: काय तपासायचं

आता गाळ आणि मासे तपासायचे ठरले. मिथाइल मर्क्युरी वेगळं मोजणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या आणि खर्च फार. पण शिकारी माशाच्या मांसातला बहुतेक सगळा पारा मिथाइल रूपातच असतो, त्यामुळे एकूण पारा मोजला तरी काम भागतं. डबक्यातल्या तीन मरळी आणि चार रोहू बर्फात घालून पाठवले. शेजारच्या गावच्या तलावातल्या दोन मरळी आणि तिथला गाळ तुलनेसाठी घेतला. आमच्या तलावाच्या गाळाचे नमुने तीन जागचे: तुडमाजवळचा, मधला आणि पूर्वेचा. ज्या दोन बांध्यांत ट्रॉल्या रिकाम्या झाल्या होत्या, तिथलेही घेतले.

तुलनेचे नमुने घेण्यावर मी अडून राहिलो, ते बरं झालं. पारा फक्त फुटलेल्या यंत्रांतून येत नाही. कोळसा जळतो तेव्हाही तो हवेत जातो, आणि विदर्भात कोळसा किती जळतो हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी बियाण्याला लावायच्या पारायुक्त बुरशीनाशकांचाही अंश मातीत असू शकतो. अशी भुकटी लावलेलं गव्हाचं बियाणं १९७१-७२ साली इराकमध्ये लोकांनी दळून खाल्लं आणि शेकडो माणसं मेली. आपल्याकडे उरलंसुरलं एक पारायुक्त बुरशीनाशक २०१८ साली बंद झालं.

निकाल असा आला. तुडमाजवळच्या गाळात पारा बाकी सगळ्या नमुन्यांच्या कितीतरी पट. मधल्या गाळात थोडा जास्त. पूर्वेचा गाळ आणि दोन्ही बांध्या शेजारच्या तलावासारख्याच. तीनपैकी दोन मरळी माशांसाठी ठरलेल्या किलोला ०.५ मिलीग्रॅम या मर्यादेच्या वर, तिसरी जेमतेम खाली. रोहू बरेच खाली. शेजारच्या तलावातल्या मरळीही खाली.

## पर्याय

चार सूचना पुढे आल्या. एकही वेडगळ नव्हती.

पहिली: सगळा गाळ काढून शेतात टाका, तलाव कायमचा मोकळा होईल. सरपंचांचा आणि बऱ्याच शेतकऱ्यांचा कल इकडे होता. यात धोका असा की धानाची बांधी म्हणजे पाण्याखालचा, हवा नसलेला, उबदार गाळ, म्हणजे पुन्हा तीच परिस्थिती. चीनच्या गुइझोऊ प्रांतात पाऱ्याच्या जुन्या खाणींजवळच्या शेतांत तांदळाच्या दाण्यात मिथाइल मर्क्युरी सापडलं आहे. तलावातला पारा शेतात नेला की तो मासा सोडून ताटातल्या भातात यायचा.

दुसरी सूचना गावातल्या वृद्ध वैद्यजींची. "गंधक टाका. गंधकानं पारा बांधला जातो." हे ऐकून दोन-तीन तरुण हसले, त्याचं मला वाईट वाटलं. वैद्यजी जे सांगत होते ते रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करायच्या आयुर्वेदातल्या शाखेत, शेकडो वर्षं अजमावलेलं आहे. इथून फार दूर नसलेल्या रामटेकजवळच्या नागार्जुन टेकडीशी तर परंपरेनं रससिद्ध नागार्जुनाचंच नाव जोडलेलं आहे. खलात पारा आणि गंधक तासन्‌तास घोटले की कज्जली होते, हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरतं. मुलाच्या घरात भेगांवर आम्ही गंधकाची भुकटी वापरलीही. पण तलाव म्हणजे खल नाही. उघड्या गाळावर पसरलेल्या गंधकाचं जिवाणू हळूहळू सल्फेट करतात, आणि पाणी भरल्यावर ते सल्फेट नेमकं नको त्या जिवाणूंना मिळतं. शिवाय सल्फाइड थोडं असताना पाऱ्याची काही विरघळलेली, भाररहित संयुगं बनतात आणि ती जिवाणूच्या आत सहज शिरतात. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीत शेतीतून वाहून आलेल्या गंधकानं माशांतला पारा वाढवला, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं आहे. मी वैद्यजींच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बांधला त जाते, पन पानी त्याले सोडवते." मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

तिसरी सूचना: तुडमाजवळ मुरूम टाकून दाबून टाका. स्वस्त आणि झटपट. पण तुडमाचा भाग दर वर्षी पाण्याच्या ओढीनं खणला जातो, मुरूम टिकला नसता.

चौथी: फक्त तुडमाजवळचा गाळ हातानं काढायचा, बाकीचा हलवायचा नाही आणि तलाव वापरायची रीत बदलायची. यात काम किचकट होतं, आणि झळ मासेमारांना बसणार होती.

एक हिशेब मी फळ्यावर मांडला. तलावातून वर्षाला टनभर मासा निघतो असं धरलं, तर तो सगळा मासा मर्यादेपर्यंत न्यायला फक्त अर्धा ग्रॅम मिथाइल मर्क्युरी पुरतं. प्रत्यक्षात पडलेल्या पाऱ्याचा अगदी लहान हिस्साच त्या रूपात जातो आणि त्यातलाही थोडाच माशात. पण जिथे शेकडो ग्रॅम पडला असेल तिथे लहान हिस्साही पुरेसा होतो. या हिशेबानंतर तिसरी सूचना मागे पडली.

## काय केलं

चौथा पर्याय ठरला. तुडमाभोवती खुंट्या रोवून जागा आखली. दिसणारे थेंब आधी उचलले. मग वीतभर खोलीपर्यंतचा गाळ फावड्यानं काढून प्लास्टिक अस्तर लावलेल्या ड्रमांत भरला. काम पहाटे पाच ते आठ, हातमोजे आणि गमबूट घालून. पोट्ट्यांना पाळीवरसुद्धा येऊ दिलं नाही. ड्रम ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत कुलुपात ठेवले आणि संबंधित कार्यालयाला लेखी कळवलं. असा कचरा घेणारं केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. कागदपत्रं, वाहतूक आणि खर्च कोणाचा या घोळात दोन पावसाळे गेले, तेव्हा ड्रम हलले.

मृग लागायच्या आधी बेशरम मुळासकट काढून पाण्याच्या हद्दीबाहेर वाळवला. त्या वर्षी शेण आणि सुपर फॉस्फेट बंद. माशांना कोंडा आणि ढेप (पेंड) वरून, मोजून दिली, म्हणजे तळाशी कुजायला फार उरू नये. डबक्यातल्या उरलेल्या मरळी काढून पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरल्या. बोटुकली फक्त रोहू, कटला आणि मृगलची सोडली.

पाण्याची पातळी स्थिर ठेवायचंही ठरलं होतं, ते जमलं नाही. ऑक्टोबरात धान निसवायच्या वेळी पाऊस गेला आणि तुडूम उघडावं लागलं. डोळ्यांसमोर धान करपत असताना पाणी अडवून ठेवा, असं मी कोणाला सांगणार होतो? सांगितलंही नाही.

## गावाला काय सांगायचं

सगळ्यांत अवघड निर्णय हाच होता. अध्यक्षांनी सरळ विचारलं, "हे बजारात गेलं त आमचा मासा कोन घेईन?" त्यांची भीती खरी होती. साठ-सत्तर घरांचं पोट त्यावर. संस्थेतले काही जण म्हणाले, मरळ गुपचूप वेगळी काढू, बोलायचं कशाला. पण गावात गरोदर बायका होत्या, आणि ढिवरांच्या घरी मासा आठवड्यातून चार-पाच दिवस शिजतो. पोटातल्या बाळाला सगळ्यांत जास्त धोका, हे मिनामातानं शिकवलं आहे. शिजवल्यानं, तळल्यानं मिथाइल मर्क्युरी जात नाही, ते मांसाच्या प्रथिनालाच चिकटलेलं असतं. त्यामुळे गप्प बसणं मला मान्य नव्हतं, आणि शेवटी अध्यक्षांनाही नव्हतं.

ग्रामसभेत दोनच गोष्टी सांगायच्या ठरवल्या: या तलावातली मरळ आणि दुसरा कोणताही शिकारी मासा कोणीच खाऊ नये, विकू नये, रोहू, कटला, मृगल खायला हरकत नाही, गरोदर बाईनंही. मासा बंद करा असं आम्ही म्हटलं नाही. गरिबाच्या घरातलं ते सगळ्यांत चांगलं अन्न आहे, आणि ते काढून घेतल्यानं होणारं नुकसानही खरंच असतं.

तरी अफवा उठली. तालुक्याच्या बाजारात "त्या गावच्या माशात विष आहे" एवढंच पोचलं. दोन महिने रोहूला निम्मा भावही मिळाला नाही. पाळीवर मासे घेऊन बसणाऱ्या बायकांनी तो काळ कसा काढला, ते त्यांनाच माहीत. ज्यानं यंत्रं फोडली आणि ज्याच्याकडून ती गेली, त्यांचा यात एक रुपयाही खर्च झाला नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

## परिणाम

त्या नोव्हेंबरात पाच रोहू आणि दोन कटला तपासले, सगळे मर्यादेच्या खूप खाली. पुढच्या पावसाळ्यात पुराबरोबर नवी मरळ आली. त्यातल्या तीन तपासल्या. तिन्ही मर्यादेच्या आत, पण शेजारच्या तलावातल्या मरळींपेक्षा जास्त. या मरळी लहान होत्या, आणि लहान माशात पारा कमीच साचलेला असतो, त्यामुळे सगळं श्रेय आमच्या कामाला देता येत नाही.

थोडी आशा बाहेरच्या एका अनुभवावरून वाटते. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या एका प्रायोगिक तळ्यात संशोधकांनी २००१ पासून सात वर्षं ओळखता येणारा पारा मुद्दाम, अल्प प्रमाणात टाकला आणि मग थांबवला. टाकणं थांबल्यावर माशांतला तो पारा काही वर्षांतच बराच उतरला. नवा आलेला पारा जिवाणूंना लवकर मिळतो, जुना गाळात पुरला जातो आणि हळूहळू त्यांच्या हाताबाहेर जातो, असं त्यातून दिसतं. आमचा तलाव वेगळा आहे. तो आटतो, ते तळं आटत नाही. म्हणून हा दिलासा मी गावात जपूनच सांगतो.

## पुन्हा करायचं झालं तर

पाण्याचा नमुना घेण्याआधी मासा घेईन. "पाणी ठीक आहे" हे वाक्य मी त्या सभेत बोलायला नको होतं. पुढे मरळ खाऊ नका म्हणालो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं उठून विचारलं, "मास्तर, तवा त ठीक म्हनलं होतं ना जी?" विश्वास परत मिळवायला वर्ष गेलं.

ग्रामसभेआधी बचत गटाच्या आणि मासे विकणाऱ्या बायकांशी बोलेन. मासा त्याच निवडतात, कापतात, शिजवतात, विकतात. कोणता मासा कोणी खायचा हे त्यांच्या तोंडून बाजारात गेलं असतं, तर अफवेला कदाचित एवढी जागा मिळाली नसती.

जेसीबी लावण्याआधी गाळ तपासायचा नियम गावानं आता स्वतःच केला आहे. पूर्वेच्या सहा ट्रॉल्या निर्धोक निघाल्या तो निव्वळ योग होता. यंत्र तुडमाकडून सुरू झालं असतं तर त्या दोन बांध्यांत काय गेलं असतं, हा विचार मी अनेकदा केला आहे.

गरोदर बायकांच्या केसांची तपासणी आम्ही केली नाही. खर्च होता, आणि निकाल जास्त आला तर पुढे काय सांगायचं हे आमच्याजवळ नव्हतं. तेव्हा तो निर्णय योग्य वाटला. आज मी ती तपासणी केली असती, पण आधी तालुक्याच्या डॉक्टरांना सोबत घेऊन.

यंदाच्या उन्हाळ्यात मधल्या भागाचा गाळ काढायची मागणी पुन्हा आली आहे. गेल्या आठवड्यात अध्यक्षांच्या मुलानं आणि मी सहा जागचे नमुने घेतले, वीतभर आणि हातभर खोलीवरचे वेगवेगळे, काचेच्या बरण्यांत. निकाल यायचा आहे. जेसीबीवाल्याला अजून होकार दिलेला नाही.